एकशे बारा खोकी, सगळी सीलबंद

...आणि वर मलाच म्हणतात, ‘ओरडताय कशाला?’ ओरडताय कशाला! अहो, पायाखालची जमीन सरकल्यावर माणूस ओरडणार नाही तर काय शीळ घालणार? नाही, तुम्हीच सांगा. तुमच्याच घरात, तुमच्याच नाकाखाली, एक नाही, दोन नाही, नऊ वर्षं... थांबा. असं मधूनच सांगून नाही कळायचं. तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून सांगतो, फक्त मध्ये हसू नका. आमच्या ऑफिसातले हसले. त्यांच्याशी मी चार दिवस बोललो नाही.

तर माझ्याकडे एकशे बारा खेळ होते. टेबलावर मांडून खेळायचे, पट, फासे, पत्ते, लाकडी मेंढ्या, गलबतं, असले. एकेक खोकं असं जड की पायावर पडलं तर आठवडाभर रजा! आणि सगळी सीलबंद. तुम्हाला सांगतो, सीलबंद! वरचं ते पातळ चकचकीत प्लास्टिक असतं ना, त्याला नखसुद्धा लागलेलं नाही. खेळले का नाहीत, म्हणता? अहो, खेळणार कोणाशी? बायको दिवसभर दुकानात उभी राहून दमून येते, आईचं वय झालेलं, मूलबाळ नाही. घरात खेळायला माणूस नको? मी आपला एकेक खेळ आणायचा, पाठीमागचं सगळं वाचायचं, आणि मागच्या खोलीत मांडणीवर उभं करायचं. रविवारी पुसायचं. रचून परत पुसायचं. आणि मनात म्हणायचं, कधीतरी... कधीतरी चार माणसं जमतील आणि मग...

आणि सील म्हणजे माझा धंदाच हो! वीज कंपनीत बावीस वर्षं मी मीटरची सीलं तपासतोय. लोक ते शिशाचं सील उघडतात, आकडा मागे फिरवतात, आणि परत असं बेमालूम लावतात की त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना कळू नये. पण मला कळतं! नुसतं बोट फिरवलं की कळतं. एका गिरणीवाल्यानं माझ्यासमोर हात जोडले होते, म्हणाला, ‘साहेब, तुमच्या घरचे कसे जगत असतील हो तुमच्याबरोबर?’ मी म्हटलं, ‘सरळ जगतात.’ सरळ जगतात! हे मी म्हणालोय. माझ्या तोंडानं!

तर झालं काय, की एके दिवशी जेवताना बायको म्हणाली, ‘अहो, ते खेळ विकून टाका की. खोली मोकळी होईल.’ हे ती पूर्वी रोज म्हणायची, त्यात काही नवीन नाही. पण पुढे आई म्हणाली, ‘बरोबर बोलतेय ती.’ माझा घास हातातच राहिला. पंधरा वर्षांत या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं! पंखा किती फिरवायचा यावर होत नाही, खिडकी उघडी की बंद यावर होत नाही, आणि इथे एकदम ‘बरोबर बोलतेय ती’? तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मीटर तपासणाऱ्याला यायला हवी होती! पण मी काय केलं? मला भरून आलं. म्हटलं, घरात सलोखा होतोय, आपल्या खोक्यांनी का आडवं यावं? विकू या.

दिली जाहिरात. त्यात स्वच्छ लिहिलं, एकशे बारा खेळ, एकही उघडलेला नाही, माझी स्वतःची हमी. आणि खाली ऐटीत, ‘सीलतपासनीस, बावीस वर्षं.’ म्हटलं, शब्द दिला की दिला. फोन आले, नाही असं नाही. एकजण म्हणाला, ‘लहान मुलांचं आहे ना, मग निम्म्यात द्या.’ मी फोन ठेवला. एक बाई म्हणाल्या, ‘बदल्यात व्यायामाची सायकल देते, एकदाच वापरलीय, त्यातसुद्धा अर्ध्यावर उतरले.’ तोही ठेवला. आणि तिसरा आला तो घड्याळजींचा.

घड्याळजी म्हणजे बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. हडकुळे, हळू बोलणारे, आणि बोलताना समोरच्याच्या मनगटाकडे बघणारे. त्यांच्या स्वतःच्या घरी दोनशे खेळ, तेही न उघडलेले! मला तर भाऊ भेटल्यासारखं झालं. म्हणाले, ‘मी फक्त सीलबंद घेतो. उघडलेला खेळ म्हणजे मला उष्टं ताट.’ मी म्हटलं, ‘अहो, आपलं बघा तरी! सीलबंद, तुम्हाला सांगतो, सीलबंद!’

रविवारी सकाळी आले. हातमोजे घालून! खुर्चीवर बसले, डोळ्यात ते काळं भिंग अडकवलं, आणि पहिलं खोकं उचललं, ‘सात बेटं’. उलटं केलं. सुलटं केलं. कोपऱ्याला नाक लावलं. आणि हळूच म्हणाले, ‘हे सील कारखान्यातलं नाही.’

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, ‘चेष्टा करताय.’

‘कारखान्याच्या प्लास्टिकला हवा जायला बारीक भोकं असतात. याला नाहीत. आणि शिवण मागे असते, इथे कडेला आहे. हे कुणीतरी नंतर चढवलंय.’

‘शक्यच नाही!’ मी म्हटलं. ‘अहो, माझा धंदा आहे हा! आईशपथ सांगतो, या घरात एकाही खोक्याचं सील...’

तर स्वयंपाकघरातून आईचा आवाज. ‘माझी शपथ कशाला घालतोस? दुसऱ्या कोणाची घाल.’

आता, तुम्हीच सांगा, कुठल्या निर्दोष बाईनं असं म्हटलं असतं?

पण माझ्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ! मी उलट चिडलो. माझ्या शब्दावर बोट? माझ्या घरात येऊन, मला सील शिकवता? म्हटलं, ‘उघडा! माझ्यासमोर उघडा! आत एक पत्ता जरी हाताळलेला निघाला तर नोकरी सोडीन!’ हे शेवटचं बोलायला नको होतं.

त्यांनी प्लास्टिक कापलं. झाकण उचललं. आणि आत... आत पत्ते असे मऊ झालेले, कडा अशा गोल झालेल्या, की शंभर हातांतून फिरल्यासारखे! गुण मांडायची जी वही असते ना, ती शेवटच्या पानापर्यंत भरलेली! आणि अक्षर कोणाचं? ओळखा. माझ्या बायकोचं! वळणदार, प्रत्येक आकड्याखाली रेघ. वर तीन रकाने. ‘आई’, ‘मी’, ‘नर्स’. नर्स म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची, जी मला जिन्यात भेटली की इतकी सोज्ज्वळ मान खाली घालून जाते! आणि समासात लिहिलंय काय? ‘आईंनी दोन मेंढ्या पदराखाली लपवल्या. पकडल्या.’ तारीख पाहिली. बुधवार. दुसरी पाहिली. बुधवार. सगळे बुधवार!

अहो, बुधवारी मी दौऱ्यावर असतो! लांबच्या वस्त्यांमधली मीटरं तपासायला, रात्री उशिरा परततो! मी तिकडे शिडीवर चढून परक्यांची सीलं बघतोय, आणि इकडे माझ्या घरात...

दुसरं खोकं काढलं. तेही तसंच! तिसरं काढलं, त्यात एक मेंढी हरवलेली, तिच्या जागी निळं बटण. ते बटण मी ओळखलं. माझ्या शर्टाचं, तिसरं! पाच वर्षं मी तो शर्ट पुढून ओढून, पोट आत घेऊन घालतोय, रोज विचारतोय, ‘अगं, बटण लावशील का?’ आणि ती रोज म्हणतेय, ‘सापडत नाही हो.’ सापडत नाही! मेंढी म्हणून चरतंय ते!

तोवर दारात तिघी उभ्या. बायको, आई, आणि नर्स. नर्सला कोणी बोलावलं? कोणी नाही! माझा आवाज तिच्यापर्यंत गेला होता. मी बायकोला म्हटलं, ‘हे... हे... प्लास्टिक?’

ती शांतपणे म्हणते, ‘आमच्या दुकानात भेटवस्तूंवर प्लास्टिक चढवायचं मशीन आहे ना. गरम हवा सोडली की आवळून बसतं. पाच मिनिटांचं काम. गुरुवारी सकाळी पिशवीतून न्यायचं, संध्याकाळी आणून जागेवर ठेवायचं.’

‘नऊ वर्षं?’

‘तुम्ही रविवारी पुसायचात, म्हणून शनिवारच्या आत ठेवावं लागायचं,’ नर्स म्हणाली. जिन्यात तोंड न उघडणारी नर्स!

मी ओरडलो. मघाशी म्हटलं ते ओरडणं ते हे. म्हटलं, ‘अगं, मला का नाही सांगितलंस?’ तर म्हणाली, ‘सांगितलं असतं तर उघडू दिलं असतंत?’

मी खाली फरशीवरच बसलो, त्या उघड्या खोक्यांशेजारी.

मग तिनं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी माझे बाबा गेले ना, त्यानंतर आई दोन महिने बोललीच नव्हती. आठवतं मला. जेवायची, झोपायची, खिडकीशी बसायची. मी रोज ऑफिसातून आलो की विचारायचो, ‘बरं वाटतंय का?’ ती मान हलवायची. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. मग एका बुधवारी बायको तापानं घरी होती, आईसमोर नुसतं बसवेना, काय बोलावं सुचेना, म्हणून तिनं मांडणीवरचं हाताला लागलं ते खोकं उचललं, नखानं प्लास्टिक फाडलं, आणि आईसमोर पट मांडला. म्हणाली, ‘तुमच्या आईंनी फासा हातात घेतला. टाकला. मी टाकला. मग मी चुकून परत उचलला, तर दोन महिन्यांनी पहिल्यांदा आवाज आला. म्हणाल्या, आता माझा डाव आहे.’

...मला वाटत होतं, गोळ्या लागू पडल्या. मी त्या डॉक्टरांना पेढे... नाही, मी त्यांना चांगलं पेन भेट दिलं होतं हो! स्वतः जाऊन, वाकून नमस्कार करून! आणि आईला हसवलं कोणी? मागच्या खोलीतल्या त्या खोक्यानं, जे मी पुसून पुसून ठेवत होतो, कोणाशी खेळू म्हणून. घरात खेळायला माणूस नाही म्हणून! तीन माणसं होती. मी विचारलं नव्हतं. खरं सांगतो, मला तिथेच रडू आलं. घड्याळजींसमोर. डोळ्यात भिंग असलेल्या माणसासमोर रडणं फार वाईट, त्याला फार मोठं दिसतं.

नाक पुसलं आणि म्हटलं, ‘मग आता विकायला का सांगितलंत? एवढं होतं तर?’

आई म्हणते, ‘अरे, सगळे खेळून झाले. काही तर चारचारदा झाले. जागा झाली की नवे आणता येतील.’

नवे!

मी घड्याळजींना म्हटलं, ‘माफ करा. माझा शब्द खोटा पडला. चला, तुम्हाला रिक्षात बसवून देतो.’ पण घड्याळजी ऐकत कुठे होते? त्यांनी एक हातमोजा काढला होता. तो मऊ झालेला पत्ता बोटात धरून बघत होते, असा उलटा, असा सुलटा, आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, ‘हा... खेळायला कसा आहे?’

‘बसा की, दाखवते,’ आई म्हणाली.

बसले! अहो, दुसराही मोजा काढून बसले! बायको बसली, नर्स बसली, आईनं पत्ते असे सर्रकन वाटले की माझे डोळे पांढरे झाले. ही बाई मला दुधाची पिशवी फोडून दे म्हणते, बोटं चालत नाहीत म्हणून! मी खुर्ची ओढली. तर बायको म्हणते, ‘अहो, हा चौघांचाच आहे.’ चौघांचाच! खेळ माझे, टेबल माझं, मेंढी माझ्या शर्टाची, आणि मी उभा! दुपारपर्यंत उभा. घड्याळजी एकशे बाराच्या एकशे बारा घेऊन गेले, उघडलेले, उष्टे, आणि जाताना मुलासारखे हसत म्हणाले, घरी गेल्यावर पहिल्यांदा स्वतःचं एक फाडून बघणार.

मी साहेबांना सांगून दौरा गुरुवारवर नेला. कारण दिलं, कौटुंबिक. नवे खेळ आणले, आणि बुधवारी बसायला लागलो. मला वाटलं, नऊ वर्षं प्रत्येक खोक्याची पाठ वाचलीय मी, यांना दाखवतो! सात आठवडे झाले. सातही वेळा शेवटचा. आई गुण मांडताना माझा रकाना आधीच अरुंद आखते, एका आकड्यापुरता.

पण परवा, तुम्हाला सांगतो, परवाच्या आठव्या बुधवारी ऐन डावात आईला डुलकी लागली. पत्ते मांडीवर, मान खाली, घोरायलासुद्धा लागली. बायको उठवायला गेली, तर मी म्हटलं, ‘नको गं, झोपू दे, वय झालंय तिचं.’ मनात म्हटलं, आता बघू! डाव संपला, गुण मांडले. झोपलेली आई दुसरी आली. बायको पहिली. नर्स शेवटची, कारण ती अर्ध्या डावातून उठून ड्यूटीला गेली होती. आणि मी शेवटून दुसरा. म्हणजे बघा... प्रगती आहे.