ओवाळणीचं मुसकं

(सन १९१८ची भाऊबीज. गावोगाव मानमोडी तापाची साथ. जुन्नरात शौकत विणकराची ओसरी, दिस कललेला. राजुरीहून ठकूबाई आलेली.)

शौकत : बसलो बघ ताई पाटावर. टोपीबी घातली. आता ताट हातात धरून किती येळ उभी ऱ्हाशील?

ठकूबाई : आधी हे तोंडाला बांध.

शौकत : मुसकं? अगं, ओवाळून घेताना कोण मुसकं बांधतं? मी काय खळ्यातला बैल हाय?

ठकूबाई : बांध म्हणते ना. तूच दिल्यालं हाय. दसऱ्याला राजुरीला आलास आन् म्हणलास, "डाक्टर सांगतोय, आजाऱ्याजवळ जाताना चारपदरी कापड तोंडावर पायजे. ताई, यंदाची ओवाळणी आधीच घे." इसरलास?

शौकत : इसरंन कसा? दोन दिली व्हती. एक तुला, एक तुज्या शेजारणीला, कुशाबाईला. हं, बांधलं. आता?

ठकूबाई : आता ह्या निरांजनावर फुंकर मार.

शौकत : येडी का काय तू! ओवाळणीचा दिवा इझवू? लहानपणी त्यापायी तूच मला धपाटा घातला व्हतास.

ठकूबाई : मुसक्यातून फुकायचंय. कापड खरं आसंल तर दिवा इझायचा न्हाई. मार.

शौकत : घे बाई, मारली.

ठकूबाई : बघ. इझला.

शौकत : वारं आलं आसंल.

ठकूबाई : वाऱ्यावर नगं ढकलू. गुलशन! अगं ए गुलशन! काडी आण, दिवा लाव. आन् तुज्या तोंडचं ते मुसकं सोडून ह्याला दे.

गुलशन : लावला ताई. हे घ्या. पर तुमा भावाभैनीचं चाललंय तरी काय?

ठकूबाई : कळंल. शौकत, आता हे बांध आन् फुक.

शौकत : ऱ्हाऊ दे की ताई.

ठकूबाई : फुक म्हणते!

गुलशन : आता कसा इझंल? ज्योत हाललीबी न्हाई. जुन्या ताग्यातलं कापड हाय ते. ह्यांनी घरापुरतं राखून ठिवलं व्हतं, मला म्हणले...

शौकत : गुलशन, आत जा.

ठकूबाई : थांबू दे तिला. काय म्हणला गं?

गुलशन : म्हणले, नव्या मालात सूत लई इरळ हाय, कापड नुसतं खळीवर उभं हाय. पोरांना त्यातलं बांधू नगं. मला वाटलं, तुमालाबी ह्यातलंच दिलं.

ठकूबाई : ऐकलंस शौकत? नवं व्हतं तवा पुठ्ठ्यावानी जाड लागलं. डाक्टरानं सांगितलं तसं रोज उकळलं, खळ पाण्यात गेली आन् हातात जाळं ऱ्हायलं. मी म्हणलं, उकळून मऊ पडलं आसंल. उजेडात धरून बघावं असं मनातबी आलं न्हाई. भावाच्या ओवाळणीची कुणी पारख करतं का रं?

शौकत : लढाईपायी सूत मिळंना ताई. जुनं कापड हातभर उरल्यालं, घरात लेकरं. काय करू मी?

ठकूबाई : कुशा गेली.

शौकत : आँ? कधी?

ठकूबाई : धनतेरशीला. गल्लीत घरंच्या घरं आडवी झालेली, पाणी पाजायला कुणी जाईना. ती घाबरत व्हती. मी म्हणलं, "कुशे, माज्या भावाच्या हातचं कापड हाय, बिनघोर चल." माज्या शब्दावर आली रं ती. तिची लेक भागू आता माज्या घरात तापानं फणफणलीय.

गुलशन : या अल्ला!

शौकत : ताप कुणाला सोडतो ताई? कापड चांगलं आसतं तरीबी...

ठकूबाई : आसंल. तिच्या नशिबात आसंल तर चांगल्या कापडातूनबी आला आसता. ते भांडण मी देवाशी भांडीन. पर "ताई, पुरत न्हाई, पोरांपुरतंच हाय" यवढं बोलायला तुजी जीभ झडली व्हती? मी काय तुज्या लेकरांच्या तोंडचं वढून घेतलं आसतं? घरी बसले आसते, कुशालाबी बसवलं आसतं. खोटं दिलंस, आन् वर त्याला ओवाळणी म्हणलास!

शौकत : चुकलो. कसम खुदाची, चुकलो. पर ताई, आमच्या अम्मीनं मला तुज्याम्होरं बसवलं, तवापास्नं आपली एक भाऊबीज चुकली न्हाई.

ठकूबाई : न्हाई चुकली. त्याच्या आधी मी चांदोबाला ओवाळायची. भाऊ नसल्याल्या पोरी तेच करत्यात. तुजी अम्मी म्हणली, "तो आभाळातला कशाला, हा माजा शौकत हाय की." लई हरखले व्हते मी.

गुलशन : ताई, माजं मुसकं घेऊन जा. भागूजवळ बसायचंय तुमाला.

ठकूबाई : नगं पोरी, तुजी लेकरं हायेत. माज्याकडं जुनं लुगडं हाय, धुऊन धुऊन पिळवटल्यालं. त्याचेच चार पदर करीन. त्यातनं निघून जायाला आता काय उरलं न्हाई.

शौकत : दिवा पेटता हाय ताई. एकदा ओवाळ आन् जा. मी मुकाट बसतो.

ठकूबाई : ऊठ पाटावरून. गाडी खोळंबलीय. बीजेचा चांद लवकर बुडतो, मला वाटंत त्याला गाठायचंय.