भिंतीपलीकडून दोनदा

बाबा : नाही म्हणजे नाही. माझ्या भिंतीला थर्माकोल चिकटवायचं नाही.

मुलगी : बाबा, खोक्यातलं थर्माकोल नाही ते. बाहेरून लावायचे जाड बोर्ड आहेत. त्यावर जाळी, जाळीवर गिलावा, मग पांढरा रंग. काम झाल्यावर आत काय आहे ते तुम्हालाही कळायचं नाही.

बाबा : जन्मभर गवंडीकाम केलंय, मला कळेल. भिंतीला स्वेटर घालतात होय कुणी? तोही भर उन्हाळ्यात!

मुलगी : स्वेटर थंडीला अडवतो, हा उन्हाला अडवेल. गावभर लोकांच्या भिंती गार करत हिंडते मी, आणि माझी आई या भिंतीआड तव्यावर झोपते. डॉक्टरांनी बजावलंय ना? गेल्या वेळी थोडक्यात निभावलं. पुन्हा तशी उकाड्याने बेशुद्ध पडली तर?

बाबा : मी मारतो ना पाणी. उन्हं कलली की पाइप घेऊन उभा राहतो इथे. रोज.

मुलगी : आणि घसरून पडता. कोपर बघू तुमचं.

बाबा : दाराला लागलं.

मुलगी : दाराला शेवाळ कधीपासून यायला लागलं?

बाबा : हळू बोल. तुझ्या आईला ठाऊक नाही.

मुलगी : मग तिला पुढच्या खोलीत तरी हलवू.

बाबा : ती हलतेय! पाय गेले, हट्ट कुठे गेलाय? याच खिडकीतून रस्ता दिसतो म्हणते. कोण कुणाशी बोलत उभं राहिलं, सगळी खबर असते तिला.

मुलगी : म्हणजे भिंतच गार करायला हवी. सरका, गिलावा वाजवून बघू दे. पोकळ निघाला तर तेवढा खरवडावा लागेल.

बाबा : माझा गिलावा आणि पोकळ? वाजव, वाजव. हातोडीचा दांडा मोडेल तुझ्या.

मुलगी : इथे भरीव. इथेही भरीव. इथे... थांबा. आतून कुणी वाजवलं?

बाबा : कुठे काय.

मुलगी : दोनदा. बघा, पुन्हा.

बाबा : उंदीर असेल.

मुलगी : उंदीर मोजून वाजवतो? बाबा, माझ्याकडे बघा.

बाबा : आई आहे तुझी.

मुलगी : काय हवंय तिला?

बाबा : काही नको. तिला वाटलं, मीच आहे. पाणी मारताना मी मध्येमध्ये भिंत थोपटतो. ती आतून दोनदा वाजवते. म्हणजे, आहे मी. मग मी पुढे सरकतो. त्या दिवशी थोपटलं आणि काही वाजलंच नाही. पाइप तसाच टाकून धावलो. म्हणून तर वेळेवर कळलं, पोरी.

मुलगी : हे कधी बोलला नाहीत.

बाबा : म्हाताऱ्या माणसांचे खेळ, कुणाला सांगायचे? तुझ्या बोर्डातून आवाज जायचा नाही. तूच मागे म्हणालीस, रस्त्याचा गलकासुद्धा कमी होतो म्हणून. किती कौतुकाने सांगत होतीस.

मुलगी : आणि मला वाटलं, गिलाव्याचा तोरा आहे तुम्हाला.

बाबा : तो आहेच.

मुलगी : चला आत.

(दोघं आईच्या खोलीत येतात.)

आई : काय हो, आज हात इतका कडक का लागला?

मुलगी : ती मी होते, आई. हातोडी घेऊन.

आई : तरीच. यांची थाप मऊ असते.

मुलगी : भिंतीला बोर्ड लावायचेत. पण मग टकटक ऐकू येणार नाही, म्हणून बाबा अडून बसलेत.

आई : अहो, इकडे या. कोपर दाखवा.

बाबा : दाराला लागलं ते.

आई : माझे पाय गेलेत, कान नाही. तुम्ही पडलात तो आवाज ऐकला मी. मग वाजवलं. दोनदा काय, वाजवतच राहिले. पलीकडून काही येईना.

बाबा : तोंडातून शब्द फुटेना गं. दम लागला होता.

आई : माझ्याकडून वाजलं नाही तर तुम्ही धावत येता. मी कशी धावू हो?

बाबा : अगं, रडतेस कशाला?

आई : लावू द्या तिला काय लावायचं ते. खोली गार झाली की बाहेर उभं राहायचं कामच नाही. इथे बसायचं, माझ्याजवळ.

बाबा : नुसतं बसून करू काय?

आई : थोपटायचं. भिंतीऐवजी माझा हात. मी दोनदा दाबीन.

बाबा : ...पोरी, सकाळी लवकर ये. भिंतीवर ऊन यायच्या आत सावलीत काम उरकतं. आणि जाळी ताणून लाव, सुरकुती ठेवू नकोस.

मुलगी : बाहेर उभे राहून चुका काढायला येणार ना तुम्ही?

बाबा : नाही. मी इथे आहे.