काळ्या हाडाची कोंबडी

माझं माहेर खानापुराकडलं, रानाच्या कडंचं, आन् दिलं ते हिकडं कडोलीच्या अलीकडं. लगीन झालं तवा मी अकरा का बारा वर्साची आसंन, कुणी लिवून ठेवल्यालं न्हाय. त्या साली पलेग आलता, माणसं गाव सोडून मळ्यात खोपटी घालून ऱ्हायलीती, तवा माझा पयला संसार त्या खोपटातच. नाव गंगू, पर हितं गंगू म्हणून इचारलंसा तर कुणी सांगणार न्हाय. करीकोळीची बाई कुटं ऱ्हाती म्हणा, शेंबडं पोरगंबी घर दाखवंल. कानडीत करी म्हंजे काळी, कोळी म्हंजे कोंबडी. ह्या कोंबड्यांनीच मला नाव दिलं, आन् मास्तर, ह्यांच्यापायीच मी एक वंगाळ कामबी केलं. ते सांगतेच.

तर कोंबड्या माझ्या अण्णानं आणल्या. थोरला भाऊ, कॅम्पातल्या पलटणीत व्हता, पलटण लांब महूला गेलती. तिकडनं रजेवर आला ते बांबूच्या खुराड्यात एक कोंबडा आन् दोन कोंबड्या घिऊनच आला, आगगाडीत मांडीवर धरून. काय सांगू तुम्हाला, अशी काळी जात आमी कवा बघितली नव्हती. पीस काळं, चोच काळी, तुरा जांभळासारका, तोंड उघडलं तर जीभसुदिक काळी. मालक म्हणले, गंगे, ही कोंबडी हाय का कावळा? अण्णा हासला, म्हणला, दाजी, हिचं हाडबी काळं असतंय, तिकडची रानातली माणसं देवापरमानं जपत्यात. आन् मला म्हणला, गंगे, हिला गावठी कोंबड्यात मिसळू दिऊ नको, जात बुडंल. एवढंच बोलला. म्होरल्या लढाईत बोटीनं गेला तो परत आलाच न्हाय. मग ह्या कोंबड्या म्हंजे माझा भाऊच की वो.

लई नाजूक काम. ही कोंबडी अंडी देती, पर उबवायला बसत न्हाय, दोन दिस बसंल आन् जाईल उठून. मग आपली गावठी कोंबडी खुडूक झाली की तिच्या पोटाखाली काळीची अंडी ठेवायची, एकवीस दिस. काळी पिल्लं तांबड्या आईच्या मागनं पळायची, बघायला बाया यायच्या. कॅम्पातल्या सायबाचा खानसामा अंडी न्यायला यायचा, शहापुरातलं वैद्य यायचं, म्हणायचं बाळंतिणीला हिच्यावानी दुसरं न्हाय. काळी जादू करणारंबी आलं एक-दोन, त्यास्नी मी दारातनं हाकलून दिलं. मला पोरबाळ न्हाय झालं वो. लोकं वाकडं बोलायची, वटी भरायला मला बोलवायची न्हाईत. पर काळी कोंबडी पायजे झाली की त्याच बाया माझ्या उंबऱ्याला. मग मला वाटाया लागलं, ही जात पंचक्रोशीत माझ्याच दारात ऱ्हावी. माज आला म्हणा की.

आमच्या वन्सं, सकूबाई, मालकांची धाकटी भण, ती निपाणीला दिल्याली. तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. त्यो धुरळा नाकातोंडात जाऊन खोकला लागल्याला, दोन बोलं बोलली की ढास. एकदा माहेराला आली, म्हणली, वैनी, मला धा अंडी द्या, दारात काळ्या कोंबड्या पाळते आन् वखार सोडते, आता जीव ऱ्हाईत न्हाय. मी न्हाय कसं म्हणू? सासू म्होरं बसल्याली. व्हय वन्सं, देते की, म्हणले. आन् आत जाऊन, काय सांगू, वाकळ शिवायची सुई घेतली आन् दहाच्या दहा अंड्यास्नी बारीक टोचलं. दिसायचंबी न्हाय. टोचल्याल्या अंड्यात पिल्लू धरत न्हाय, आतच कुजतंय. कोंड्यात नीट बसवून पाटी तिच्या हातात दिली, तर त्या बाईनं माझ्या पायाला हात लावला.

महिन्यानं सांगावा आला, अंडी नासली. मी म्हणले, गाडीत हादरली असतील. सासू, आमच्याकडं सासूला आत्ती म्हणत्यात, आत्ती माझ्याकडं बघत ऱ्हायली.

चार-पाच वर्सं गेली. मग कोंबड्यास्नी मर आली. सकाळी एक मान टाकायची, दुपारी दोन. हळद घाल, लसूण घाल, देवाला नारळ बोल, कशाचा उपेग न्हाय. आठ दिसात खुराडं रिकामं. एक कोंबडा तेवढा ऱ्हायला, त्योबी लंगडा. नुसत्या कोंबड्यानं काय व्हतंय? अण्णा असता तर महूला सांगितलं असतं. मी खुराड्याम्होरं बसून रडाय लागले तसं आत्ती म्हणली, गंगे, निपाणीला जा. मी म्हणले, निपाणीला काय हाय? जाऊन तर बघ, म्हणली.

सर्व्हिस मोटारीनं गेले. सकूच्या गल्लीत शिरले. तिच्या दारात काळ्या कोंबड्या उकरत व्हत्या, सात-आठ. त्याच. जांभळा तुरा, काळी चोच. सकू भाईर आली, अंगानं भरल्याली, खोकलाबी न्हाय. या वैनी, म्हणली, पाणी घ्या. भाकरी केली, जेवू घातलं. मग तीच म्हणली, वैनी, त्या अंड्यास्नी भोकं व्हती.

मी खाली मान घातली.

म्हणली, फोडून बघितल्यावर कळलं. आईजवळ रडले, तर आई आपून तुमच्याच खुराड्यातली दुसरी अंडी घिऊन आली जत्रंच्या निमतानं. म्हणली, सुनंला कळू दिऊ नको, पोर न्हाय तिला, तिचा जीव त्या कोंबड्यात हाय. म्हणून मी गप ऱ्हायले.

मी म्हणले, वन्सं, आमच्या समद्या मेल्या. एवढंच तोंडातनं आलं. चुकले म्हणायचं व्हतं, ते आलंच न्हाय. सकू उठली, तीन तलंगा, कवळ्या कोंबड्या, धरल्या, पाटीखाली झाकल्या, वरनं लुगड्याचा धडपा बांधला. म्हणली, न्या. तुमच्या भावानं आणल्याल्या हायत, माझ्या बापानं न्हाईत. पर आदी खुराडं चुना लावून धुवा, महिनाभर रिकामं ठेवा, तवर ह्या शेजारच्या गावात कुणाकडं तरी सांभाळा. बगा, तीच मला शिकवाय लागली.

घरी आले तर आत्तीनं एवढंच इचारलं, दिल्या? व्हय म्हणले. बरं झालं, म्हणली आन् जात्यावर बसली. मेली तवर त्यो इषय काढला न्हाय तिनं.

तवापास्नं मी कुणाला न्हाय म्हणलं न्हाय. मागंल त्येला अंडी दिली, खुडूक कोंबडी नसंल तर तीबी वापरायला दिली. आता ह्या अंगाला धा-बारा गावात काळी कोंबडी हाय. सायब लोकं चालल्यात म्हणं आता, कॅम्पातलं बंगलं मोकळं व्हायल्यात, खानसामाबी यायचा बंद झाला. जाऊंद्यात, गावची माणसं हायत की.

मालक गेलं, सकूचा दाल्लाबी गेला. दोन सालामागं तिला मी हितं घिऊन आले. ती बगा, उन्हाला बसलीया, दाणं टाकतीया. कान गेलं तिचं पार. सकाळी मी तिची येणी घालते, तवा रोज म्हणते, वन्सं, माझं चुकलं वो. ती म्हणती, व्हय वैनी, आज ऊन लई ग्वाड हाय.