नळी एकच उरली होती

चहा घ्या गं आधी, मग सांगते. परवा लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांनी मला कधी न्हाई ते बीडला जेवायला नेलं. मटणाचं मोठं हॉटेल, एसी बिसी. नेकनुरात बसमध्ये चढतानाच मी ठरवलं होतं, कायबी होवो, आज नळी मीच खाणार.

आमच्या घरी मटण शिजवते मी, पण नळी आधी सासऱ्यांला, मग ह्यांला. पाव्हणा आला की पाव्हण्याला. मला रस्सा. वर हे म्हणणार, "खरी चव रश्शातच असती गं."

वेटर आला तशी मीच बोलले, "दोन मटण थाळ्या आणा, आन् नळी पायजे."

"वहिनी, नळी एकच उरलीय."

"एकच पायजे."

ताटं आली. पठ्ठ्यानं नळीचं ताट बरोबर ह्यांच्यापुढं ठेवलं. मी म्हणलं, "दादा, ते ताट इकडं."

"वहिनी, ह्यात नळी हाय."

"म्हणूनच म्हणते, इकडं."

हे हळूच म्हणाले, "अगं, लोक बघायलेत."

"बघू द्या की!"

मी नळी उचलली, ताटावर दणादणा ठोकली आन् तोंडाला लावून अशी ओढली, की शेजारच्या टेबलावरचे हात थांबले. लई झ्याक लागली गं!

हे बघतच राहिले. मग म्हणाले, "जरा मला बी ठेव की."

मी वाटी त्यांच्याकडं सरकवली. म्हणलं, "रस्सा घ्या. खरी चव त्यातच असती."