औंधचा भोंगा

पन्नास वर्षांची जुनी फटफटी मी घरच्या घरी एकट्यानं उभी केली, गड्यांनो. म्हणजे स्टँडवर, चालू व्हायची हाय अजून. सांगली, पाटण पालथं घालून सगळे पार्ट जमवले, फक्त हँडलवरचा रबरी भोंगा राहिला. तो सापडला औंधात, एका तरण्या गवळ्याकडं.

"न्हाई द्यायचा," तो म्हणाला. "ह्यो वाजला की माज्या म्हशी माळावरनं घरला येत्यात. तुमाला दिला तर त्यास्नी बोलवू कशानं?"

"तोंडानं वाजव की रं! ह्ये बघ," म्हणत मी नाक दाबलं, गाल फुगवले आणि "प्वाँऽऽक" केलं. माळावरच्या चारी म्हशी पळत येऊन माझ्यापुढं उभ्या!

"बघितलंस? आण आता भोंगा."

म्हशी बांधता बांधता गवळी म्हणाला, "आवं आजोबा, एवढं झ्याक वाजवताय, मग गाडीला भोंगा कशाला पायजे?"