उलटवलेली चाल

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर शाल पांघरलेली आई आणि मोबाइल पुढे धरून बसलेली तिची मुलगी.

"ही बघ तू. माझ्या नव्या गेममधली दुकानदारीण."

"अगंबाई, ठिपक्याठिपक्यांची मी! आणि गच्चीवरून बघितल्यासारखी का दिसतेय?"

"अख्खा गेमच तसा वरून दिसतो. बाण दाब, चालशील."

"अय्या, माझ्यासारखीच खुरडते की! हातसुद्धा लुळा ठेवलास."

"आवडली?"

"छानच आहे गं. पण डावीकडे जाताना माझा डावा हात लुळा दिसतो आणि उजवीकडे वळले की उजवा. मग धड हात कुठला म्हणायचा?"

"ते... एकाच बाजूची चाल काढतो आम्ही. दुसऱ्या बाजूला तीच चित्रं उलटवतो, आरशात दिसतात तशी. निम्मं काम वाचतं."

"सगळ्यांचीच उलटवता?"

"हो."

"मग असू दे."

"नाही, नको. आजच बदलते. दोन्ही बाजू वेगळ्या काढते."

"कशाला डोळे फोडून घेतेस? रोज माझी वेणी घालणाऱ्या तुझ्या वहिनीशिवाय कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"आई..."

"बोल की."

"कुठला हात गं?"

"म्हणजे? तुला माहीत नाही?"

"अगं, मी येते तेव्हा तू कायम शालीतच असतेस."

"तुझ्या ऑफिसातले लोक जेवायला आले होते, तेव्हा तूच नाही का हातावरून शाल पांघरलीस? मग सवयच लागली."

"काढ ना बाहेर. बघू दे मला."

"इथे? चार लोकांत?"