‘कट’ म्हणेपर्यंत

एक्स-रेच्या खोलीबाहेर आजोबा आपल्या नंबराची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर सिनेमा शिकणारी दोन पोरं चिखलानं माखून भांडत होती. पोरगा दिग्दर्शक, पोरगी आवाज टिपणारी.

“तुझी बहीण खडकावरून घसरली, आणि तू कॅमेरा चालूच ठेवलास?”

“मला वाटलं, अभिनय करतेय.”

“पाय मोडून?”

“हळू बोल, लोक बघतायत.”

“बघू देत! तू ‘कट’ म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, हा नियम तुझाच ना? म्हणून आम्ही सगळे मख्ख उभे!”

“ऊन उतरत होतं गं. तसा उजेड पुन्हा मिळाला नसता.”

“आणि बहीण मिळाली असती?”

“तू तरी धावलीस का?”

“नाही धावले. त्याचाच तर संताप आहे! माईकमधून माझ्या कानात ती ‘दादा, दादा’ ओरडत होती. तुझ्या सिनेमात तिला भाऊ आहे का रे?”

नंबर पुकारला गेला, तरी आजोबा उठले नाहीत.

“नाही... पण शॉट फार खरा आलाय. तेवढं ‘दादा’ काढून टाकता येईल?”

पोरीनं हेडफोन त्याच्या कानांवर दाबून बसवला आणि गळ्यातल्या रेकॉर्डरचं बटण दाबलं.

“आधी ऐक. मग सांग, काढू का.”